"आधी माणसं भरा, मग रजेचे लाड करा": सडेतोड यांना उत्तर

लाइनीतली

सडेतोड यांची कालची पोस्ट वाचली. नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" ऐकायला नको, म्हणून आधी तिचा सारांश देते. विधानसभेत गृहखात्यावर चर्चा आली की दरवर्षी तेच रडगाणं असतं: पोलीस कमी आहेत, भरतीतली चारित्र्य पडताळणी ढिली आहे, महिला पोलिसांना रजा द्या. यातली रजा म्हणजे चैन. आधी जागा भरा, मग लाड करा. आणि शेवटी, "ज्यांना पोरं सांभाळायची आहेत त्यांनी शिक्षिका व्हावं."

हे शेवटचं वाक्य डसलं म्हणून लिहायला बसले.

मी पोलीस लाइनीत वाढले. वडील हवालदार. फराळाचा डबा ठाण्यात पोचवणं, हेच आमचं लक्ष्मीपूजन. आता वहिनी खात्यात आहे आणि तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने तिला बालसंगोपन रजा आहे १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मिळून. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवस मिळतात, तेही २००८ पासून. तेव्हा चैन म्हणायचीच असेल तर ही पाव चैन आहे.

ती तरी मिळते का? मुलाला डेंग्यू झाला तेव्हा वहिनीने अर्ज दिला. ड्युट्या लावणाऱ्याने तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, "विसर्जन होऊ दे." विसर्जन झालं तोवर पोरगं बरं होऊन शाळेत जायला लागलं होतं. अर्ज अजून काचेखाली असेल. २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांना बाराऐवजी आठ तास ड्युटीचा आदेश निघाला, तोही ठाण्यात लागला होता. आठ तास संपत आले की "थांब गं जरा, पंचनाम्याला बाई लागेल."

भरती वेगळी आणि रजा वेगळी, हा हिशेबच चुकीचा आहे. शंभर माणसं कामावर हवी असतील तर शंभर पदं मंजूर करून भागत नाही. कोणी आजारी पडणार, कोणी बाळंत होणार, कोणाची आई मरणार. रेल्वेत गाडी चालवणाऱ्यांसाठी लीव्ह रिझर्व्ह धरतात, म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या बदली जादा माणसं आधीच मोजून ठेवतात. आमच्याकडे रजेवर गेलेल्याची ड्युटी शेजारच्याच्या डोक्यावर, आणि मग तो शेजारचा रजा मागणाऱ्या बाईकडे रागाने बघतो. सडेतोड यांच्यासारखाच.

सडेतोड

ताई, भावना पोचल्या. पण डब्याच्या गोष्टीने रिकामी खुर्ची भरत नाही.

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनात काय गदारोळ झाला ते आठवा. मुंबईत शिपाई मिळेनात म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान तात्पुरते घ्यायची वेळ आली. विरोधक म्हणाले कंत्राटी भरती, गृहमंत्री म्हणाले कंत्राटी नाही. नाव काहीही द्या, माणूस नव्हता हे खरं. अशा वेळी तुम्ही आणखी सहा महिने रजा वाटणार?

आणि माझी बायको खासगी कंपनीत होती. पोर झाल्यावर तिने नोकरी सोडली, तिला कोणी १८० दिवस विचारले नाहीत. तिच्यासाठी कोणत्या सभागृहात चर्चा झाली?

दगडू गिरगावकर

सडेतोडराव, तुमच्या बायकोला मिळालं नाही म्हणून हवालदारणीलाही मिळू नये? आमच्या चाळीत असंच होतं. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून तिसरा मजला पहिल्याचा नळ बंद करायला टपलेला.

लंडनचा ठाणेकर

सडेतोड यांच्या "आधी जागा भरा"वर इथला अनुभव सांगतो. २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली ब्रिटिश सरकारने पोलीस कमी केले. मग २०१९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये २०,००० नवे घ्यायची घोषणा झाली आणि २०२३ च्या वसंतात ती पुरीही केली. टाळ्या. मधल्या काळात पोलीस निरीक्षण संस्थेने पडताळणीच्या ७२५ फायली तपासल्या, त्यातल्या १३१ प्रकरणांतले निर्णय तिला शंकास्पद वाटले. लंडनमधल्या सेरा एव्हरार्ड या तरुणीला २०२१ मध्ये ज्याने ओळखपत्र दाखवून, खोटी अटक करून नेलं आणि मारलं, तो नोकरीतला पोलीस होता. त्याला कधी घ्यायलाच नको होतं, असं नंतरच्या चौकशीने स्वच्छ लिहिलं. तो या घाईच्या आधीचा हे मान्य, पण चाळणीला तेव्हाच भोक होतं, आणि त्याच चाळणीतून वीस हजार गाळले.

सडेतोड

झालं, लंडन आलं. आमच्याकडे एका बीटला एक शिपाई नाही आणि हे टेम्सच्या काठावरून चाळणी दाखवतायत. इथे या, विसर्जनाला बारा तास उभे राहा, मग बोलू.

लंडनचा ठाणेकर

तलावपाळीवर वाढलोय. विसर्जन तुम्ही शिकवू नका.

दगडू गिरगावकर

चाळणीसाठी लंडन कशाला? २००४ मध्ये कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात निलंबित झालेले मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे जून २०२० मध्ये परत खात्यात आले, तेव्हा कारण काय दिलं होतं? करोनात माणसं कमी आहेत! मार्च २०२१ मध्ये एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास संस्थेने, अटक केली, त्याआधी अधिवेशनात विरोधी पक्षनेत्यांनी सगळी कुंडली वाचून दाखवली होती. "माणसं कमी आहेत" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाला आत घ्यायचं ठरलंय?

मामा औसेकर

पडताळणीचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. माझा भाचा. १६०० मीटर, गोळा, लेखी, सगळं पार करून यादीत नाव लागलं. आईने गावात पेढे वाटले. मग पडताळणीत कळवलं, "गुन्ह्याची माहिती लपवली." गुन्हा कसला? एप्रिल २०२० मध्ये किराणा आणायला मोटारसायकलवर गेला, चौकात पकडला, कलम १८८, सरकारी आदेश मोडल्याचं. संचारबंदीचे १८८ चे गुन्हे मागे घेणार, असं सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलं. पोरगं बातमी वाचून निर्धास्त झालं आणि फॉर्मवर "नाही" लिहिलं. ज्यांच्या कमरेला पिस्तूल होतं त्यांना परत घेतलं, आणि तेलाची पिशवी घेऊन जाणारं पोरगं चारित्र्यहीन!

लाइनीतली

मामा, वाईट वाटलं. पण धागा रजेचा आहे.

मामा औसेकर

ताई, रजा ज्याला नोकरी आहे त्याला.

वकील (निवृत्त)

मामा, घोषणा झाली म्हणजे गुन्हा पुसला जात नाही. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो, कोर्टाने परवानगी द्यावी लागते. तोवर रेकॉर्डवर तो आहे तसा आहे. मात्र अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१६ मध्ये सांगितलंय की माहिती खरी द्यायलाच हवी, पण प्रकरण किरकोळ असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्या अशासारखं, तर नियुक्ती करणारा ती चूक पोटात घालू शकतो.

सडेतोड

"शकतो." घातलीच पाहिजे असं नाही. आणि घालूही नये. आज किराण्याचा गुन्हा लपवणारा उद्या पंचनाम्यात काय लिहील? फॉर्मवर खरं लिहिता येत नाही त्याच्या हातात मुद्देमाल कसा द्यायचा? माझ्या दुकानातल्या चोरीचा मुद्देमाल तीन वर्षं ठाण्यात होता, परत मिळाला तेव्हा दोन वस्तू कमी. त्याची पडताळणी कोण करणार?

मामा औसेकर

तुमच्या दोन वस्तू माझ्या भाच्याने नेल्या का हो? तोंड सांभाळून बोला.

खाकीतला जुना

दोघेही जरा शांत व्हा. बत्तीस वर्षं नोकरी केली, पडताळण्याही केल्या. कशा, ते ऐका. टेबलावर चाळीस अर्ज. गावात गेलो की पोलीस पाटलाला विचारायचं, "पोरगं कसंय?" तो म्हणायचा, "चांगलंय की." चहा. दुसरं गाव. ठाण्याच्या दप्तरात नाव दिसलं तर शेरा, नाही तर "काही आक्षेपार्ह नाही." बायकोला मारतो का, सावकारी करतो का, दारू पिऊन कुठे पडतो का, हे विचारायला वेळ कोणाला होता? दप्तरात १८८ सापडतं कारण ते दप्तरात असतं. नको ते लोक दप्तरात नसतात.

आणि वेळ का नव्हता? पडताळणीला गेलेला मीच त्या रात्री नाकाबंदीला. माणसं कमी म्हणून पडताळणी उथळ, आणि तिकडे ओरड की माणसं लवकर भरा.

लाइनीतली ताईंना एक सांगतो, राग मानू नका. मी ड्युट्या लावल्या आहेत. काचेखाली अर्ज मीही ठेवले आहेत. वरून फोन येतो, "साठ माणसं पाठवा." माझ्याकडे एकेचाळीस. त्यात तुमची वहिनी रजा मागते. मी काय करू, वायरलेसवर माणूस काढू?

लाइनीतली

काका, राग नाही. पण एकेचाळीस आहेत हे वरच्याला कधी लेखी कळवलंत का? का साठच्या जागी एकेचाळीस उभे करून "बंदोबस्त चोख" असा रिपोर्ट दिलात?

खाकीतला जुना

चोख असाच दिला. बरोबर पकडलंत.

लाइनीतली

मग मंजूर पदं वाढतील कशी? कागदावर सगळं चोख आहे! २०२२ च्या फेब्रुवारीत संसदेच्या गृह समितीचा अहवाल आला. देशभर मंजूर २६ लाख २३ हजार, त्यातली ५ लाख ३१ हजारांहून अधिक पदं रिकामी. बायका साधारण १० टक्के. प्रत्येक ठाण्यात किमान तीन महिला उपनिरीक्षक आणि दहा महिला शिपाई असावेत, असं समिती म्हणते. दहा असत्या तर पंचनाम्याला वहिनीलाच "थांब गं" म्हणावं लागलं असतं का?

सडेतोड

आणि पुरुष शिपायाच्या पोराला डेंग्यू होत नाही वाटतं? त्याची रजा? बायको वारली किंवा अंथरुणाला खिळली तरच बालसंगोपन रजा. धडधाकट बायको असली की बाप मोकळा. यावर तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ नाही.

लाइनीतली

हे बरोबर आहे. लिहायला हवं होतं. (नोंद घ्या, सडेतोड आणि मी एका वाक्यावर सहमत.)

दगडू गिरगावकर

बापाच्या रजेचं खासगी विधेयक आपल्याच हिंगोलीच्या खासदाराने, राजीव सातवांनी, २०१७ मध्ये आणलं होतं. पंधरा दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील असे. सडेतोडराव, त्यात खासगी नोकरीही धरली होती. तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतंत? का तेव्हाही "लाड"?

सडेतोड

तेव्हा मी इथे नव्हतो. असतो तर बहुधा लाडच म्हणालो असतो, घ्या.

आणि शिक्षिकांचं वाक्य मागे घेतो. पश्चात्ताप वगैरे काही नाही. सकाळपासून तीन शिक्षिकांनी व्यक्तिगत निरोप पाठवून झापलंय. निवडणुकीची ड्युटी, मतदार यादी, पोषण आहार, वर तुम्ही म्हणता पोरं सांभाळायला वेळ मिळतो? एकीने तर तिच्या वर्गाचा पट पाठवलाय. बाकी मुद्द्यावर ठाम आहे: आधी माणसं.

लाइनीतली

आधी माणसं, पण रजा धरून मोजलेली. मी तेच पहिल्या पोस्टपासून ओरडतेय. असो, वहिनीचा फोन आला. नाकाबंदी लागली आहे, पोराला शाळेतून आणायला मला जायचंय. तोवर भांडा.

वकील (निवृत्त)

मामा, एक नेमकं सांगा. फॉर्मवर प्रश्न काय होता? "गुन्हा प्रलंबित आहे का" की "कधी दाखल झाला होता का"?

मामा औसेकर

"कधी."

वकील (निवृत्त)

मग अवघड आहे. तरी नकाराचं पत्र, फॉर्म आणि कोर्टाचा कागद असेल तर तो, तिन्ही मला पाठवा. बघतो.

मामा औसेकर

त्यालाच झेरॉक्स काढायला पाठवलंय.