अर्ध्यावर सोडावे लागते ते : रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचे अनुभव

मोठ्या शहरात रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून मी चौदा वर्षे काढली. "रक्त पाहून भीती वाटत नाही का?" असे लोक विचारतात. रक्ताची सवय पहिल्या काही महिन्यांतच होते. जे करायला हवे असे मन सांगत होते आणि वेळ, नियम किंवा मनुष्यबळ अपुरे पडल्याने जे करता आले नाही, त्याची सवय मात्र मला अजून झालेली नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात 'नैतिक इजा' ही कल्पना मांडली. अधिकारपदावरच्या माणसाने योग्य गोष्टीशी केलेली प्रतारणा त्यांच्या डोळ्यांसमोर होती; पुढे स्वतःच्या हातून घडलेल्या किंवा राहून गेलेल्या गोष्टींसाठीही ही संज्ञा वापरली जाऊ लागली. अशा गोष्टी येथे लिहाव्यात, ही विनंती. रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये आणि दुसऱ्याच्या अनुभवाचा निवाडा करू नये. सुरुवात मी करतो.

एका घरात साठीच्या आसपासचे गृहस्थ कोसळले होते. हृदय थांबल्यावर छातीवर दाब दिला गेला नाही, तर विजेचा झटका मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. आम्ही पोहोचलो तेव्हा पंधरा मिनिटे उलटली होती आणि तोवर कोणी त्यांच्या छातीला हात लावलेला नव्हता. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. इतक्या जोराने दाबताना बरगडी मोडली, तर ते कानाआधी तळहाताला कळते. दाराशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पतीचा चष्मा होता. यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळच राहिली. हे परत येणार नाहीत, हे मला पहिल्या दहा मिनिटांत उमगले होते, तरी मी अर्धा तास दाब देत राहिलो. सर्व प्रयत्न झाले, एवढे तरी त्या माउलीला वाटावे, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. ते तिच्यासाठी होते की तिच्याकडे वळून पाहण्याचा मला धीर होत नव्हता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. शेवटी "त्यांचा मृत्यू झाला आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगितले. 'गेले', 'सोडून गेले' असे शब्द अशा वेळी टाळायला आम्हाला शिकवतात, कारण ऐकणाऱ्याचे मन त्यातून पळवाट शोधते. त्यांनी चष्म्याची काच बाहीने पुसली आणि विचारले, "हा त्यांना घालू का?" तेवढ्यात वायरलेसवर पुढचा कॉल आला. त्यांना मी काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही.

*

एका मोठ्या अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचलेल्या गाडीवर मी होते. अशा वेळी पहिल्या गाडीने उपचार सुरू करायचे नसतात. आधी वर्गवारी करायची असते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेल्या 'स्टार्ट' पद्धतीनुसार एका जखमीसाठी जास्तीत जास्त एक मिनिट द्यायचे. चालू शकणाऱ्यांना हिरवे कार्ड, श्वास मिनिटाला तीसपेक्षा जलद असेल तर लाल, म्हणजे उपचार सर्वांत आधी, आणि श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू झाला नाही तर काळे, म्हणजे आशा नसल्याचे, कार्ड बांधून पुढे जायचे. एरवी याच अवस्थेतल्या एकट्या रुग्णासाठी आम्ही घामाघूम होईपर्यंत झटतो. त्या दिवशी मी एका तरुणाची मान मागे करून श्वास पाहिला, तो नव्हता, आणि मी काळे कार्ड हातात घेतले. मनगट उबदार होते. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. शेजारी हिरवे कार्ड मिळालेला एक जण बसला होता. तो म्हणाला, "मला राहू द्या, आधी त्याला बघा, माझा धाकटा भाऊ आहे." मी पुढे गेले.

नंतरच्या चौकशीत माझे प्रत्येक कार्ड योग्य ठरले आणि वरिष्ठांनी माझे कौतुक केले. त्या कौतुकामुळेच हे कोणाजवळ बोलता आले नाही, कारण चूक झाली असती तर निदान क्षमा मागायला जागा असती.

*

मी रुग्णवाहिकेचा चालक आहे. मागे काय चालले आहे ते मला दिसत नाही, फक्त ऐकू येते. यंत्राचा आवाज बदलला की पाय आपोआप पेडलवर दाबला जातो, आणि खड्ड्यातून वेगाने गेलो तर मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा तोल जाऊन छातीवरचा दाब थांबेल, हेही त्याच क्षणी आठवते. घाई करावी की सांभाळून न्यावे, हा निर्णय मी रोज घेतो आणि तो बरोबर होता की नाही, हे मला कोणीही कधी सांगत नाही.

*

माझा अनुभव लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहीत आहे. अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेत श्वास मंदावत जाऊन थांबतो. नालोक्झोन दिल्यावर तो काही मिनिटांत परत येतो, पण या औषधाचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो आणि शरीरातले मादक द्रव्य त्याहून अधिक काळ टिकले, तर माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो. म्हणून त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक असते. एका माणसाकडे मी दीड महिन्यात तीनदा गेलो. प्रत्येक वेळी तो शुद्धीवर आल्यावर चिडला, "कशाला उठवलंत मला?" असे म्हणाला आणि सोबत यायला नकार दिला. स्वतःचे नाव, वार, ठिकाण नीट सांगणाऱ्या, धोका समजून नकार देणाऱ्या माणसाला बळजबरीने नेता येत नाही. तो त्याचा अधिकार आहे आणि तो मला मान्यही आहे. सही घेऊन, त्याच्या शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगून आम्ही निघत असू.

तिसऱ्यांदा तोच पत्ता ऐकला, तेव्हा मी जिना सावकाश चढलो. काही सेकंदांचाच फरक पडला असेल. तो त्याही वेळी वाचला. पण त्या जिन्यावर मी काय विचार करत होतो, ते मला ठाऊक आहे. चौथा कॉल माझ्या पाळीत आला नाही, आणि तो आला होता की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

*

थोडक्यात लिहिते. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर घेऊन दोन तास उभी होते, कारण आत खाट रिकामी नव्हती आणि रुग्ण ताब्यात दिल्याशिवाय मला निघता येत नव्हते. वायरलेसवर आमच्याच भागातला, श्वास न घेणाऱ्या बाळाचा कॉल दोनदा पुकारला गेला. दुसऱ्या पुकाऱ्यानंतर माझ्या स्ट्रेचरवरच्या आजीबाई म्हणाल्या, "मला इथं बाकावर बसव आणि तू जा, पोरी." मला तसे करता आले नाही.

*

वरचे अनुभव वाचून उपायांविषयी लिहावेसे वाटले. आघातोत्तर तणाव विकाराला १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात स्थान मिळाले. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी भीषण प्रसंगानंतर सर्वांना एकत्र बसवून बोलते करण्याची पद्धत मांडली आणि ती आमच्या क्षेत्रात सर्वत्र पसरली. पुढील अभ्यासांत असे दिसले की अशा एकाच बैठकीने हा विकार टळत नाही, आणि काहींना सक्तीने सगळे पुन्हा आठवायला लावणे अपायकारकही ठरू शकते. माझ्या बाबतीत ती बैठक निष्फळ ठरली. वर्तुळात बसून मी "ठीक आहे" एवढेच म्हणालो.

मला सावरले ते सहकाऱ्याने. एका रुग्णाला श्वासासाठीची नळी मला घालता आली नाही, त्या दिवशी गाडी धुताना त्याने माझ्या हातातला फडका काढून घेतला, मला पायरीवर बसवले आणि मजला पुसून झाल्यावर शेजारी येऊन बसला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती नळी मलाही घालता आली नसती." पुढे मी समुपदेशन घेतले आणि त्याचा उपयोगही झाला, पण त्या वाक्यामुळेच मी समुपदेशकाच्या दारापर्यंत पोहोचलो. वरिष्ठांना एवढेच सांगावेसे वाटते की अशा कॉलनंतर माणसाला अर्धा तास तरी पुढच्या कॉलपासून मोकळे ठेवा, आणि त्याचा रुग्ण वाचला की नाही, हे त्याला कळवण्याची काही रीतसर सोय करा.

*

मी या कामात नाही; माझी पत्नी आहे. रात्रपाळीनंतर ती घराखाली गाडी उभी करते आणि वीस-पंचवीस मिनिटे आतच बसून राहते. पूर्वी मी खाली जाऊन काचेवर टकटक करत असे आणि काय झाले, असे विचारत असे. एकदा ती म्हणाली, "मी आत्ता कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, तुझ्याही नाही." तेव्हापासून मी खिडकीतून गाडीतला दिवा पाहतो, जेवण झाकून ठेवतो आणि दार लोटलेले ठेवतो, म्हणजे तिला घंटा वाजवावी लागत नाही.