मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएसच्या गिअरबॉक्सच्या केसिंगला (बाहेरच्या ओतीव कवचाला) तडा, आर्गन वेल्डिंग मारून घ्यावं की केसिंगच बदलावं?

नमस्कार मंडळी,

गाडी २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स (०२जे). वडिलांनी नवी घेतलेली. २०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा नोंदणी करून घेतली, कारण ही गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. म्हणून हा एवढा लांब प्रश्न.

गेल्या रविवारी चिपळूणहून कराडला परत येत होतो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना एका वळणावर दरडीतून आलेले दगड पडले होते. समोरून एसटी, डाव्या बाजूला गटार, म्हणून त्यातला लहान दिसणारा दगड दोन चाकांच्या मधून घेतला. तो लहान नव्हता. खालून एकच ठोका बसला. मला वाटलं इंजिनाचा ऑइल चेंबर गेला. पण ऑइलचा दिवा लागला नाही, इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणून चालवत राहिलो. हेळवाकजवळ गंधकासारखा उग्र वास आला. उतरून वाकून बघितलं तर डाव्या बाजूला, गिअरबॉक्सखाली, धार लागली होती. इंजिनाचं काळं ऑइल नव्हे, मधाच्या रंगाचं. दगड लागल्यापासून तिथपर्यंत दहाएक किलोमीटर झाले असतील. तिथून पुढे गाडी टोइंगच्या सपाट ट्रकवर चढवून आणली.

इंजिनाखालचं गार्ड दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी काढलं होतं. क्लिपा तुटल्या म्हणून ते परत बसवलं गेलं नाही आणि मीही मागे लागलो नाही. त्याची चुटपुट रोज लागते आहे.

सध्याची स्थिती: डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) पोटाखाली साधारण ७० मिलिमीटर लांबीचा तडा. एका टोकाला दगडाचा घाव आहे, दुसरं टोक बेल हाउसिंगच्या (केसिंगचा इंजिनाला जोडलेला, क्लचवरचा भाग) कडेकडे जातं. तुकडा उडालेला नाही. या गिअरबॉक्समध्ये सुमारे दोन लिटर ऑइल बसतं, काढलं तेव्हा जेमतेम पाऊण लिटर निघालं. त्यात धातूचे कण नाहीत. गाडी उभी असताना सगळे गिअर नीट पडतात.

इथे तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो, खोलायची गरज नाही, गाडीखाली झोपून आर्गन मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरा म्हणतो, दोन भागांचं इपॉक्सी लावा, वर्षभर बघायला नको. तिसरा म्हणतो, जुना गिअरबॉक्स आणून अख्खा बदला. मला तिन्ही पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे सांगण्याइतकं ज्ञान नाही. कुणी या गिअरबॉक्सचं किंवा कुठल्याही ओतीव केसिंगचं असं काम केलं आहे का?

प्रतिसाद १

दादा, आर्गनवाल्याला हो म्हणण्याआधी केसिंग कशाचं आहे ते बघा. बाहेरच्या अंगाला ओतकामातच धातूची खूण उठवलेली असते. ‘एएल’ने सुरू होत असेल तर अ‍ॅल्युमिनियम, ‘एमजी’ने सुरू होत असेल तर मॅग्नेशियम. मॅग्नेशियमचं काम वेगळं, तार वेगळी, आणि त्याचा कीस पेट घेतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर भडका आणखी वाढतो. खूण सापडली नाही तर एका घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फेस आला तर मॅग्नेशियम समजा आणि ग्राइंडर लांब ठेवा.

धागाकर्ता

आत्ताच चिखल पुसून टॉर्च मारून बघितलं. खूण ‘एएल’ने सुरू होते, पुढे सिलिकॉन ९ आणि तांबं ३ असं आहे. मोठा जीव भांड्यात पडला. मग आर्गन चालेल ना?

प्रतिसाद २

चालेल, पण गाडीखाली झोपून अजिबात नाही. मी टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीच अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांवर. जरा सविस्तर लिहितो.

तुमचं केसिंग प्रेशर डायकास्टिंग आहे. वितळलेला धातू साच्यात प्रचंड दाबाने भरतात, तेव्हा थोडी हवा आत अडकते. धातू गार झाला तरी ती बारीक पोकळ्यांमध्ये बसून राहते. तुम्ही आर्क लावलात, धातू वितळला, की ती हवा फुगून बाहेर येते आणि वेल्डिंगला जाळी पडते. शिवाय गेली कित्येक वर्षं तडा नसतानाही आतली भिंत गरम ऑइलमध्ये भिजलेली आहे. वरून कितीही पुसा, उष्णता लागली की ऑइल घामासारखं वर येतं. गाडीवर असताना आतून साफ करता येत नाही, म्हणून पहिलं कारण हे. दुसरं म्हणजे आतल्या बेअरिंगा, सील आणि आर्कचा करंट. अर्थिंग चुकलं तर करंट बेअरिंगच्या रोलरमधून जातो आणि त्यावर डाग पाडतो.

योग्य पद्धत अशी. केसिंग पूर्ण रिकामं करायचं. धुऊन ओव्हनमध्ये हळूहळू तापवायचं, ऑइल वर आलं की पुसायचं, पुन्हा तापवायचं. मग अ‍ॅसिटोन, आणि तेही पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क नाही. ब्रेक क्लीनर वापरू नका. काहींमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो, आर्कखाली त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक मारायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही. बर (छोटं फिरतं कटर) लावून तड्याची व्ही आकाराची खाच करायची. वेल्डिंग एसी करंटवरच, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर, तो थर एसीमध्येच फुटतो. तार ४०४३ किंवा ४०४७, दोन्ही सिलिकॉनच्या. साधारण १२० ते १५० अंश आधी तापवून घ्यायचं, थोडं थोडं भरायचं, आणि झाल्यावर कापडात गुंडाळून सावकाश गार होऊ द्यायचं. पंखा लावायचा नाही.

पण या सगळ्याच्या आधी डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधण्याची चाचणी) करा. बाहेरून ७० मिलिमीटर दिसतंय म्हणजे आतूनही तेवढंच असेल असं धरून चालू नका. तडा नुसत्या पातळ भिंतीत असेल तर मी स्वतः बिनधास्त वेल्डिंग करीन. बेअरिंगच्या बैठकीत (केसिंगमध्ये बेअरिंग बसतं त्या जागेत) शिरला असेल तर करणार नाही. गिअरचे दात तिरके असतात, ते फिरताना शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतात आणि बाजूलाही रेटतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क दहापटीहून जास्त होऊन डिफरन्शियलला पोचतो. तो सगळा रेटा बेअरिंगची बैठक धरून ठेवते. तिथे वेल्डिंग केलं तर बोअर (बैठकीचं गोल भोक) वाकडा होतो, आणि पुन्हा मशीनिंग करायचं म्हटलं तर केसिंगची दोन्ही अर्धी एकत्र बांधून करावं लागतं.

प्रतिसाद ३

इपॉक्सीबद्दल. माझ्या जुन्या जिप्सीला ट्रान्सफर केसवर लावलं होतं. घरापर्यंत यायला उत्तम. पुढच्या पावसाळ्यात एका कडेने सुटलं, कारण गरम-गार होताना धातू आणि लेप सारखे ताणले जात नाहीत. तुमच्याकडे गाडी घरी आलेलीच आहे, मग लावता कशाला?

प्रतिसाद ४

अख्खा गिअरबॉक्स बदलायची गरज नाही. आपल्याकडे ऑक्टाव्हिया १.९ डिझेललाही हाच ०२जे कुटुंबातला गिअरबॉक्स होता, आणि डिझेल गाड्या कितीतरी जास्त विकल्या गेल्या. कुर्ल्याला किंवा पुण्यात जुन्या सुट्या भागांवाल्यांकडे मिळतो. गिअरचे रेशो वेगळे आहेत, त्यामुळे आतलं काही घेऊ नका. तुमचे गिअर, तुमचं डिफरन्शियल, फक्त केसिंग त्यांचं. तरी पैसे देण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक भोक, स्टार्टरची जागा, स्पीड सेन्सरची जागा आणि माउंटिंग जुळवून बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे, विशेषतः टूलरूमवाल्या काकांचे मनापासून आभार. गिअरबॉक्स उतरवला आणि खोलला. कोल्हापूरला उद्यमनगरात डीपी टेस्ट करून घेतली. लाल द्रव लावून पंधरा मिनिटं ठेवला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. बाहेरून ७० मिलिमीटरची ओळखीची रेघ आली. आतून बघितलं तेव्हा त्याच रेघेला एक फाटा फुटलेला होता. केसासारखा, डोळ्यांना आधी अजिबात न दिसलेला. तो बरगडीवरून चढून डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या बैठकीत गेला आहे. त्या दिवशी गाडीखाली झोपून वेल्डिंग करून घेतलं असतं तर हा फाटा तसाच आत राहिला असता आणि घरचे सगळे त्या गाडीत बसले असते.

म्हणजे वेल्डिंगचा विषय संपला. बेअरिंगा हातात फिरवून बघितल्या, कमी ऑइलवर चाललेल्या दहा किलोमीटरने काही झालेलं दिसत नाही, पण एवढं खोललंच आहे तर डिफरन्शियलच्या दोन्ही बेअरिंगा आणि सगळे सील नवे टाकतोय. पुण्यात डिझेलचा गिअरबॉक्स मिळाला. आमचं केसिंग दुसऱ्या गाडीत टाकून घेऊन गेलो आणि त्याच्या शेजारी ठेवून प्रत्येक भोक कॅलिपरने मोजलं. सगळं जुळतं. जोडणीच्या कडेवर पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला, कुठेही शिरला नाही.

आता अडलोय ते शिमवर (डिफरन्शियलच्या बेअरिंगखाली जाडी जुळवायला टाकतात ती पातळ चकती). जुनी शिम तशीच वापरा, असं इथल्या फिटरचं म्हणणं आहे.

प्रतिसाद २

जुनी शिम वापरू नका. ती जुन्या केसिंगच्या खोलीप्रमाणे निवडलेली होती. नव्या केसिंगचा बोअर दोन-तीन शतांश मिलिमीटरने जरी वेगळा असला आणि बेअरिंगाही नव्या असल्या तरी टेपर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ठरावीक दाब) बदलतो. कमी झाला तर डिफरन्शियल हलेल आणि क्राउन व्हीलचे (डिफरन्शियलच्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात खातील. जास्त झाला तर बेअरिंग तापून निळी पडेल. डिफरन्शियल एकटं बसवा, मोजणीची शिम टाका, केसिंग पूर्ण टॉर्कने आवळा, डायल गेज लावून वर-खाली प्ले (ढिलाई) मोजा. मोजताना डिफरन्शियल गोल फिरवू नका, रोलर बसतात आणि आकडा चुकतो. त्या आकड्यात मॅन्युअलमधला प्रीलोड मिळवला की हवी ती शिम निघते. एकदा मोजून थांबू नका, तीनदा मोजा.

डायल आणि मॅग्नेटिक बेस माझ्याकडे आहे. शिरोलीला राहतो. केसिंगची दोन्ही अर्धी, नव्या बेअरिंगा आणि जुनी शिम घेऊन या.

धागाकर्ता

काका, शनिवारी सकाळी निघतो, अकरापर्यंत शिरोलीला पोचेन. मॅन्युअलमधली टॉर्क आणि प्रीलोडची पानं छापून आणतोय. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसा (कड्या) नव्या केसिंगमध्ये इथेच दाबून आणू, की तुमच्याकडे आल्यावर बसवायच्या?

प्रतिसाद २

सुट्या आणा. इथे केसिंग तापवून बसवू, हातोडी लागणार नाही. आणि इंजिनाखालच्या गार्डच्या क्लिपा आजच मागवून ठेवा.