शके 556 म्हणजे इसवी सन 634 की 635? ऐहोळेच्या लेखाचं वर्ष आणि तेव्हाचे राजे

सनावळी:
एकाच वर्षी जगात कुठे कोण गादीवर होतं, असा तक्ता मांडतोय. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या शिलालेखाचं वर्ष निवडलंय, कारण दख्खनसाठी इतकी स्पष्ट नोंद त्या काळात क्वचितच मिळते. पण काही पुस्तकांत 634, काहींत 635 आणि एका ठिकाणी 633-34 छापलंय. कोणतं धरायचं? दुसरं, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने केलेला कनौजच्या हर्षाचा पराभव, कोकणच्या मौर्यांचा पाडाव आणि त्याने मिळवलेली तीन महाराष्ट्रकं, लेखातलं हे सगळं 634च्या रकान्यात घातलं तर चालेल का? तिसरं, अबू बक्र आणि उमर दोघेही त्याच वर्षी खलिफा दिसतात. हिजरी 13 आणि शके 556 यांची सांगड कशी घालायची?

पंचांगी:
लेखात दोन आकडे आहेत आणि एकावरून दुसरा तपासता येतो. पहिला भारतीय युद्धापासूनचा (महाभारताच्या, म्हणजेच कलियुगाच्या गणनेचा): त्रिंशत्सु 30, त्रिसहस्रेषु 3000, सप्ताब्दशत 700, पञ्चसु 5. बेरीज 3735. दुसरा शकांचा: पञ्चाशत्सु 50, षट्सु 6, पञ्चशतासु 500. बेरीज 556. आता 3735मधून 556 वजा करा, 3179 उरतात. कलियुग आणि शक यांच्यातलं अंतर बरोबर तेवढंच आहे. म्हणजे आकडे वाचण्यात चूक झालेली नाही.

खरी मेख 'समासु समतीतासु' या शब्दांत आहे. वर्षं सरल्यावर, म्हणजे हा गत शक. आपली आजची पंचांगंही गत शकच छापतात: 2024च्या पाडव्याला शके 1946 लागलं, फरक 78. तोच हिशोब इथे: 556 + 78 = 634. हे वर्ष 634च्या चैत्रापासून 635च्या फाल्गुनापर्यंत चालतं, आणि त्यातल्या जानेवारीपासूनच्या दिवसांना 79 मिळवावे लागतात. लेखात महिना, तिथी, वार काहीच दिलेलं नाही. त्यामुळे 634 की 635 याचा निकाल लागणं शक्य नाही, तक्त्यात 634-35 असंच लिहा. 633-34 कुठून आलं? 556 हा वर्तमान शक, म्हणजे सरलेलं नव्हे तर चालू वर्ष, समजून 77च मिळवल्यामुळे. ती चूक आहे.

मेगुती:
दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट 'नाही'. 634-35 हे मंदिराचं वर्ष आहे, लढायांचं नाही. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर कवी रविकीर्तीने जिनेंद्राचं दगडी जैन मंदिर बांधलं आणि आपल्या आश्रयदात्याची, सत्याश्रय पुलकेशीची, प्रशस्ती 37 श्लोकांत तिथे कोरवली. मोहिमा एकामागून एक येतात, पण एकीलाही साल नाही. लेखावरून एवढंच म्हणता येतं की त्या उशिरात उशिरा 634-35पर्यंत झालेल्या होत्या.

हर्षाबद्दलची ओळ बघा: 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः'. ज्याने हर्षाचा हर्षच भीतीने गळून पडायला लावला. श्लेष इतका चपखल आहे की ओळ पाठ होते आणि तिच्याबरोबर लेखाचं सालही युद्धाला चिकटतं. पण 619च्या ताम्रपटात हर्षावरच्या विजयाचा उल्लेख आधीच येतो. तेव्हा हे युद्ध 634च्या रकान्यात टाकणं म्हणजे निदान 15 वर्षांची चूक.

महाराष्ट्राचा श्लोक असा: 'अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्'. तीन महाराष्ट्रकं आणि 99000 गावं. आपल्या प्रदेशाचं नाव इतक्या ठसठशीतपणे दगडावर आलेलं बघताना मन भरून येतं, पण 99000 ही शिरगणती समजू नका. गंगवाडी 96000, नोळंबवाडी 32000, बनवासी 12000 असे आकडे दख्खनच्या लेखांत प्रांतांच्या नावाला जोडूनच येतात. त्यावरून लोकसंख्या काढायला गेलात तर फसाल.

त्या वर्षी दक्षिणेत: वातापीला (आजची बदामी) दुसरा पुलकेशी (610-11पासून), आंध्रातल्या वेंगीला त्याचा भाऊ कुब्ज विष्णुवर्धन, कांचीला पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा. याच नरसिंहवर्म्याने पुढे 642च्या सुमारास वातापी घेतली. उत्तरेत कनौजला हर्ष.

उत्तरापथ:
हिजरी 13ची सुरुवात 7 मार्च 634ची. शके 556चा चैत्रही मार्चच्या सुरुवातीलाच लागतो. त्यामुळे या एका वर्षापुरती दोन्ही वर्षं जवळजवळ एकमेकांवर बसतात. पुढे मात्र हिजरी वर्ष दरसाल सुमारे 11 दिवसांनी मागे सरकतं आणि अधिक महिना त्यात नाही, म्हणून ही सांगड दुसऱ्या सालाला लावू नका. शिवाय 634मध्ये कुणीही 'हिजरी 13' असं लिहीत नव्हतं. ती गणना उमरने काही वर्षांनी सुरू केली, आधीची वर्षं मागाहून मोजली गेली.

अरब आणि बायझंटाईन यांच्यातली अजनादैनची लढाई 30 जुलैची मानतात. अबू बक्र 23 ऑगस्टला वारले आणि उमर खलिफा झाले. म्हणून त्या रकान्यात दोन नावं हवीत, मध्ये तारीख घालून. तारखा ज्युलियन आहेत. ग्रेगोरियन हव्या असतील तर त्या शतकात 3 दिवस मिळवा.

बाकी: कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाईन सम्राट हेराक्लियस, चीनमध्ये तांग सम्राट ताइझोंग (त्याच्या झेंग्वान कालगणनेचं 8वं वर्ष), तिबेटात सोंगत्सेन गांपो. त्याचा पहिला दूत तांग दरबारी याच वर्षी गेला. जपानात जोमेई, फ्रँकांचा डागोबेर. इंग्लंडमध्ये नॉर्थम्ब्रियाचा ऑस्वाल्ड. त्याच्या हेवनफिल्डच्या लढाईला 633 म्हणायचं की 634, हा वादही इंग्रज इतिहासकार बीड (Bede) याने वर्ष कुठून सुरू केलं यावरच उभा आहे.

सनावळी:
इराणच्या रकान्यात दुसरा खुस्रो लिहिला होता, पुलकेशीशी त्याचा पत्रव्यवहार वाचला म्हणून.

पंचांगी:
तो खोडा. दुसरा खुस्रो 628मध्येच मारला गेला. 634मध्ये तिसरा यज्दगर्द आहे. त्याचा शक 16 जून 632पासून मोजतात, आणि मुंबईच्या पारशी घरांतल्या कॅलेंडरवर आजही तोच चालतो. वर्ष सरळ 365 दिवसांचं, लीप दिवस नाही. त्या हिशोबाने यज्दगर्दी 3 लागलं 16 जून 634ला. म्हणजे तुमच्या शके 556च्या पहिल्या तीनेक महिन्यांना यज्दगर्दी 2 लावा, पुढच्यांना 3.