जुन्या विमानांचं वेड: तुमचेही अनुभव येऊ द्या

कलिनाची_लेक
परवा घरी रंगकाम चालू होतं. रंगाऱ्याने ब्रश धुवायला रॉकेल काढलं आणि एकदम बाबा समोर उभे राहिले. बाबा हँगरमध्ये मेकॅनिक. विमानाचं इंधन म्हणजे शेवटी शुद्ध केलेलं रॉकेलच, त्यामुळे त्यांच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा तो वास. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. जंबोवर (बोइंग ७४७ विमान) त्यांचा भारी जीव. दुसरीत असताना एकदा जवळून दाखवलं होतं. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले, चाक माझ्याएवढं. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटचं जंबो मुंबईहून अमेरिकेला गेलं, मोडीत निघायला. जाताना पंख डोलवले. व्हिडिओ दहा वेळा पाहिला, दाखवायला बाबा नव्हते. तुमची कुठली आठवण? लिहा.

जरीमरीकर
आमच्या पत्र्यावरूनच उतरायचं हो! ताटातली आमटी हिंदकळायची. आवाजावरून विमान ओळखायची पैज, हरेल त्याने कटिंग पाजायची. चार इंजिनांचा घुमारा वेगळाच. मी स्वतः विमानात बसलो थेट २०११ ला, तेही दोन इंजिनांचं. तिकिटाचे पैसे फुकट गेले.

पमाआजी_पार्ले
जुहूचं आठवतंय. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

लालबागचा_बाळ्या
मारुत!! आपल्याकडे बनलेलं लढाऊ विमान, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं. शाळेची सहल, बाकी पोरं आरशांत तोंडं वाकडी करत होती, मी त्याच्या पोटाखाली. बाईंनी कान धरून ओळीत नेलं. कुर्ट टँक या जर्मन माणसाने आखलेलं, १९६१ ला पहिलं उड्डाण. दिसायला देखणं, पण जोडीला हवं तसं दमदार इंजिन कधी मिळालंच नाही. आमच्या बंडूकाकाची गत.

जरीमरीकर
काका वाचतायत का इथे 😂

लालबागचा_बाळ्या
वाचूदे. अजून स्थळं बघतोय.

पमाआजी_पार्ले
हं, झाला कुकर. १९३२ मध्ये जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून, वाटेत अहमदाबाद. त्याची आठवण म्हणून १९८२ च्या ऑक्टोबरात परत तसेच आले, वय ७८! या वेळी लेपर्ड मॉथ. ह्यांनी मला ओढत नेलं, घरी दळण तसंच पडलेलं. बघते तर एवढंसं विमान, आमच्या न्हाणीघरात मावेल असं वाटलं. ते टेकलं आणि ह्यांनी टोपी काढली. लग्नानंतर चारचौघांत टक्कल दाखवलं ते तेवढंच.

चुकून_आलो
जुहू म्हटलं की १९७२. जपानी प्रवासी विमान, डीसी-८, सांताक्रूझचा विमानतळ समजून जुहूलाच उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबेना. पत्ता विचारायला पार्ल्यात कोणी भेटलं नसेल.

पमाआजी_पार्ले
दुपारी १ ते ४ आम्ही पुणेकर 😄

वांद्र्याची_सुमा
जंबो म्हटलं की आमच्या घरी अजून कोणी बोलत नाही. १ जानेवारी १९७८, 'सम्राट अशोक' नावाचं जंबो वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. शेजारच्यांचा भाऊ होता. तरी वरून आवाज आला की मान वर जातेच.

कलिनाची_लेक
सुमाताई 🙏 बाबा एक जानेवारीला कधीच गोड खात नसत. कारण मला फार उशिरा कळलं.

डेकवरचा_दिन्या
विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका म्युझियम होती तेव्हा तीनदा गेलोय. तिच्यावरची सी हॉक, अलिझे ही विमानं अगदी हाताच्या अंतरावर. २०१४ ला जहाज भंगारात. मग त्याचं लोखंड घातलेली मोटारसायकल आली, मामाने हट्टाने घेतली. आता सिग्नलला शेजारच्याला सांगतो, "ही युद्धनौका आहे, जरा लांब."

जरीमरीकर
@कलिनाची_लेक तुम्ही कॉलनीत राहायचात का? गेटसमोर भजीवाला होता, संध्याकाळी गर्दी?

कलिनाची_लेक
हो!! मिरचीची भजी. बाबा शिफ्टवरून येताना आणायचे. कागदालाही रॉकेलचा वास, तरी खायचो.