'प्लॉट'ला काय म्हणावं : कथानक, संविधानक की घाट?

गोदाकाठ :
कादंबरीची रचना कशी शिकवावी याचं एक आठ पानी इंग्रजी टिपण अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी मराठीत आणायचं आहे. गाडी एका ओळीवर अडली आहे. तिथे 'स्टोरी', 'प्लॉट' आणि 'स्ट्रक्चर' हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, आणि त्यांच्यातला फरक हाच त्या पाठाचा विषय आहे. मसुद्यात 'कथा, कथानक, रचना' असं केलं होतं. तपासणाऱ्यांनी 'कथानक' खोडून 'संविधानक' केलं आणि समासात लिहिलं, "कथानक म्हणजे गोष्टच." त्यात तथ्य आहे. उत्तरपत्रिकेत 'कथानक लिहा' म्हटलं की मुलं सारांश लिहून मोकळी होतात. पण 'संविधानक' म्हटलं की २६ नोव्हेंबरचं उद्देशिका-वाचन आठवणार. काय ठेवावं?

तळटीप :
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. 'कथानक'मधला शेवटचा 'क' लहानपणा दाखवतो; आपट्यांच्या संस्कृत कोशात 'कथानकम्' म्हणजे छोटी गोष्ट. 'संविधानक' म्हणजे सम् + वि + धा, सगळं जागच्या जागी नीट मांडणं. प्लॉटचा अर्थ तोच. 'संविधानकचातुर्य' हा जुन्या नाट्यसमीक्षेतला नेहमीचा शब्द. मुलांना राज्यघटना आठवली तर बिघडलं कुठे? तीही मांडणीच आहे. सांगा तसं.

खडूडस्टर :
व्युत्पत्तीवर शब्द चालत असते तर आज कुणी 'कुशल' (मुळात कुश, म्हणजे दर्भ, तोडणारा) म्हणवून घेताना दर्भ तोडून दाखवला असता. बारावीच्या युवकभारतीत कथा या साहित्यप्रकाराची ओळख आहे, तिथे 'कथानक' आहे. मुलांच्या हातात जो शब्द आहे तोच घ्या. नाहीतर सरळ 'प्लॉट' लिहा.

गंगापूर_रोड :
नाशकात 'प्लॉट' लिहिलात तर पोरं विचारतील, एनए आहे का?

गोदाकाठ :
हसू नका, 'प्लॉट'वर पहिला आक्षेप तोच आला होता.

फिरता_फळा :
शब्द नंतर ठरवा. आधी मुलांच्या हाताला काम द्या, त्यातून कोणत्या गोष्टीला नाव हवंय ते दिसेल. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचांचे आठ गट. दर गटाला पोस्टकार्डाएवढी २४ कोरी कार्डं. एका कार्डावर एकच घटना, आणि ती क्रियापदासकट, बारा शब्दांच्या आत. 'सासूचा जाच' हे कार्ड बाद, 'सासू दागिने काढून घेते' हे चालेल. डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईने कादंबरीत ती घटना कितवी येते तो आकडा, उजव्या कोपऱ्यात लाल शाईने ती प्रत्यक्षात कितवी घडली तो आकडा.

पहिल्या तासाला कार्डं निळ्या आकड्यांनी लावायची, दुसऱ्या तासाला लाल आकड्यांनी. निळे-लाल जिथे जुळत नाहीत तिथे लेखकाने काहीतरी मागे ठेवलंय किंवा आधी सांगून टाकलंय. ते का, हा प्रश्न तिथेच विचारायचा. तिसऱ्या तासाला लाल ओळीतल्या शेजारच्या दोन कार्डांमध्ये 'मग' लिहायचं की 'म्हणून', ते ठरवायचं. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ मध्ये राजा-राणीच्या मरणाचं जे उदाहरण दिलं त्याचा गाभा इतकाच : राजा मेला, मग राणी मेली, ही गोष्ट, त्या दुःखाने राणी मेली, हा प्लॉट.

हमखास बिघडतं ते इथे. मुलं सगळीकडे 'म्हणून' लिहितात, कारण त्याला जास्त मार्क मिळतील असं वाटतं. त्यावर उपाय : मधलं एक कार्ड उचलायचं. पुढची कार्डं उभी राहिली तर तिथे 'मग' होतं.

तळटीप :
म्हणजे लाल ओळ ही कथा आणि निळी ओळ हे संविधानक. माझं म्हणणं तुमच्याच कार्डांनी सिद्ध झालं.

खडूडस्टर :
सिद्ध कसलं? 'म्हणून' तर लाल ओळीत आहे. कार्यकारण म्हणजे प्लॉट धरलात तर प्लॉट लाल ओळीत गेला. क्रमाची उलथापालथ म्हणजे प्लॉट धरलात तर निळ्या ओळीत. फॉर्स्टरचा प्लॉट एक आणि रशियन रूपवादी समीक्षकांचा 'स्युझेट', म्हणजे सांगण्याचा क्रम, दुसरा. त्या टिपणात दोन्ही एका शब्दात कोंबले असतील, म्हणूनच गोदाकाठ अडलेत. दोष मराठीचा नाही.

गोदाकाठ :
पुन्हा पाहिलं. हो. पान २ वर 'कारणांची साखळी' आहे, पान ५ वर 'सांगण्याचा क्रम'. शब्द दोन्हीकडे प्लॉटच.

फिरता_फळा :
मग मराठीत दोन शब्द वापरा. मूळ ढिलं असेल तर अनुवादही ढिला ठेवलाच पाहिजे असं नाही. पान २ वर कथानक, पान ५ वर संविधानक.

तांबट_आळी :
तिसरा शब्द विसरलात. 'घाट'. रचना हा सिमेंटचा शब्द आहे. 'स्ट्रक्चर'ला घाट म्हणा. भांडं घेताना बायका विचारायच्या तो घाट : तांबं तेच, वजन तेच, पण घागरीचा गळा कुठे आवळलाय आणि पोट कुठे सुटलंय. कादंबरीलाही पोट असतं. घट् धातूपासून आलाय : घडणं, घडवणं, घाट. शिवाय 'लग्नाचा घाट घातला'मधला घाट म्हणजे बेतच की. इंग्रजीत प्लॉट म्हणजे कटही होतो, त्यालाही हा शब्द पुरतो.

गंगापूर_रोड :
नाशकातल्या वर्गात 'घाट' म्हटलं तर अर्धी मुलं रामकुंडावर जाऊन बसतील.

तांबट_आळी :
आणि उरलेली कसाऱ्याला. जाऊ द्या, कसाऱ्याचाच उपयोग आहे. मुलांना जी चढ-शिखर-उतार अशी डोंगराची आकृती काढायला लावतात ना, ती फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये मांडली ती पाच अंकी नाटकासाठी. कादंबरी तशी असेलच असं नाही. कसारा घाट चढून इगतपुरीला आलात की पलीकडे उतार नसतो, पठार लागतं. पुष्कळ कादंबऱ्या अशाच असतात. मुलं मात्र आकृती पुरी करायची म्हणून नसलेला उतार शोधत बसतात आणि शेवटच्या दोन प्रकरणांना जबरदस्तीने 'उतार' म्हणतात.

तळटीप :
त्यात 'क्लायमॅक्स'ला 'कळस' म्हणून आणखी घोळ घातलाय. कळस देवळावर सर्वांत शेवटी बसवतात, म्हणून मुलं शेवटच्या प्रकरणावर खूण करतात. फ्रायटागचं शिखर मध्यावर, तिसऱ्या अंकात आहे. पारडं फिरतं तिथे. 'उत्कर्षबिंदू' म्हणा.

खडूडस्टर :
उत्कर्ष म्हणजे भरभराट. शोकांतिकेत नायकाचा सत्यानाश होतोय आणि वर शीर्षक 'उत्कर्षबिंदू'. 'कलाटणी' म्हणा की सरळ.

तळटीप :
कलाटणी कादंबरीत पाच असू शकतात, शिखर एकच.

मराठी_बी_ए :
कट आणि प्लॉटचं नातं इंग्रजांनी लावलेलं नाही. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकाच्या चौथ्या अंकात राक्षस नावाचा अमात्य, जो स्वतः कटवाला आहे, तोच म्हणतो की बीज पेरणं, गर्भात दडवणं, विमर्श करणं आणि पसरलेलं पुन्हा आवरून घेणं, हे क्लेश एक तर नाटककाराला किंवा आमच्यासारख्याला. आपल्याकडे बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य अशा पाच अर्थप्रकृती, म्हणजे नाटकाच्या कथानकाचे घटक, असताना फ्रायटाग कशाला हवा? उपकथानकाला एकच शब्द वापरून आपण नुकसान केलंय. लांब चालतं ते पताका, थोडक्यात आटोपतं ते प्रकरी. सुग्रीव पताका, जटायू प्रकरी. आणि जटायूचं टाकेद तर आपल्याच जिल्ह्यात.

फिरता_फळा :
वर्गात हे चालतं, पण नावं नंतर, कार्ड आधी. रामायण सगळ्यांना पाठ असतं, म्हणून कादंबरीला हात लावण्याआधी एक तास त्यावर घालवावा. पंचवटीतली शूर्पणखा उचला. खर-दूषण पडतात, रावणाकडे गाऱ्हाणं पडतं, मारीच पडतो, सीताहरण पडतं. एका कार्डाने पाचसहा पत्ते कोसळतात, म्हणजे ते उपकथानक नव्हेच. जटायू उचला : हरण होतंच, फक्त सीतेला कोणी नेलं हे रामाला सांगणारा जातो. मुलांना 'पूर्ण पडतं', 'लंगडं होतं' आणि 'काही होत नाही' अशा तीन खुणा करायला सांगा. दोन खुणा दिल्या तर सगळी मुलं 'पूर्ण पडतं'वर टिक करतात.

गोदाकाठ :
मग ज्यात कार्डं उचलून काहीच होत नाही अशी पुस्तकं? 'श्यामची आई' घेतलं तर? इथल्या, नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं, मुलांना माहीत असलेलं. ४२ रात्री, मधल्या दोन रात्रींची अदलाबदल केली तरी चालतं. 'याला कथानक नाही' असा शेरा मुलं देणार.

फिरता_फळा :
सगळी ४२ कार्डं एका ओळीत लावलीत म्हणून तसं दिसतं. दोन ओळी करा. मधल्या पुष्कळ रात्री 'मग'वाल्याच आहेत. पण कर्ज, जप्ती, आईचं शेवटचं आजारपण, मृत्यू ही कार्डं वेगळी काढून खाली लावा. त्यांच्यात फक्त 'म्हणून' बसतं, आणि अदलाबदल अजिबात चालत नाही. वर माळ, खाली साखळी. शिवाय आश्रमात बसून सांगणारा मोठा श्याम आहे, त्याची कार्डं वेगळ्या रंगाची हवीत. तो रंग विसरला तर लाल आकडे चुकतात, कारण सांगण्याची रात्र आणि घडलेला दिवस यांची मुलं गल्लत करतात.

तांबट_आळी :
'माळ' आणि 'साखळी'! घ्या, शब्द मिळाले.

तळटीप :
हे शब्द नव्हेत, उपमा आहेत. परिभाषा अशी होत नाही.

तांबट_आळी :
पताका म्हणजे झेंडा आणि बीज म्हणजे बी. ती परिभाषा कशी झाली होती?

मराठी_बी_ए :
वर राहून गेलं. जटायूसारखंच शबरीचं कार्ड ठेवणार असाल तर जपून. तिच्यामुळे सुग्रीव सापडतो असं मुलं लिहितील. वाल्मीकीत सुग्रीवाकडे जा असं सांगतो तो कबंध. शबरी सांगते ते तुलसीदासांच्या रामचरितमानसात.

फिरता_फळा :
मग दोन्ही कार्डं ठेवा. एक उचललं की वाल्मीकी लंगडा, दुसरं उचललं की तुलसीदास. मुलांना अर्धा तास भांडायला पुरेल.

गोदाकाठ :
टिपण उद्या छापायला जातंय. पान २ आणि पान ५ वेगळे केले. 'स्ट्रक्चर'ची जागा अजून कोरी आहे.

तांबट_आळी :
घाट.

खडूडस्टर :
रचना.