मदत हवी आहे: नळाला मीटर बसवावा की वार्षिक पाणीपट्टीच बरी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. सध्या पाणीपट्टी वर्षाची 1,200 रुपये, म्हणजे महिन्याला 100. आता ग्रामपंचायत मीटर लावा म्हणते, हजार लिटरला 10 रुपये. मीटरचा खर्च आपलाच.

मी हिशोब मांडून पाहिला. जलजीवन या सरकारी नळयोजनेचं माणशी रोजचं 55 लिटर धरलं तर आम्हा पाच जणांना महिन्याला 8,250 लिटर, म्हणजे 82 रुपये. इथवर फायदाच. पण दारात बैलजोडी अन् म्हैस आहे. त्यांचं रोजचं 150 लिटर धरलं की बिल 127 वर जाते. उन्हाळ्यात कूलर किती पाणी ओढते ते तर सांगायलाच नको.

खरी काळजी वेगळीच आहे. नळ दिवसाआड येतो, तोही तासभर. सुरुवातीला पाइपातली हवाच सूं सूं करत निघते, आणि हवेनंही मीटरचा काटा फिरतो म्हणतात. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी बादली लावून रीडिंग पडताळलं का? मीटरच्या आधी हवेचा व्हॉल्व्ह बसवून फरक पडला का? जनावरं असलेल्या घरांचं बिल किती येते तेही कृपया सांगा. पंधरा दिवसांत अर्ज द्यायचा आहे.