मदत हवी आहे: आईच्या गालात पांढरा चट्टा, डॉक्टर तुकडा काढा म्हणतोय

घाईगर्दी: आईची दाढ हलते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ राहिली बाजूला, हा टॉर्च मारून गालातच बघत बसला. म्हणे पांढरा चट्टा आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू. आईला काही दुखत नाही. बिल वाढवायचा धंदा आहे का? लवकर सांगा, शनिवारची वेळ दिलीय.

दाढदुखे: मी दंतवैद्य. वय? चट्टा पुसला जातो का? तंबाखू?

घाईगर्दी: ५८. पुसला जात नाही. तंबाखूला ती शिवतसुद्धा नाही.

झाडपाला: त्रिफळ्याच्या गुळण्या द्या. मामांचं तोंड आलं होतं, आठ दिवसांत साफ.

कोयनाकाठ: दात कशाने घासतात?

घाईगर्दी: मशेरीने. आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात. त्याचं काय?

कोयनाकाठ: अहो, मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच की! आमची आजी तासभर उंबऱ्यात बसायची, बोट गालात.

दाढदुखे: दुखत नाही यावर जाऊ नका, सुरुवातीला दुखतच नाही. चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काहींचा पुढे होतो, म्हणून तुकडा. तोंड उघडून तिचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. सुपारी खातात?

मुरलेला: तुकडा काढला की पसरतो. गावात दोघांचं बघितलंय.

दाढदुखे: त्याने पसरत नाही हो. ते दोघे डॉक्टरकडे गेले कधी, ते विचारा.

फिरस्ता: २०१२ पासून राज्यात गुटखा बंद, तरी टपरीवर पुड्या मिळतात. आधी ते बघा.

कोयनाकाठ: काका, धागा मशेरीचा आहे.

घाईगर्दी: दोनच बोटं गेली. जेवणावर सुपारी असते, ती कोण खात नाही? आणि वर्षभर भाजीत तिखट कमी घालतेय, तोंड चरचरतं म्हणे. आम्हाला वाटलं पित्त.

दाढदुखे: हे सगळं शनिवारी सांगा. सुपारीने गाल आतून आखडतो, मग तोंड उघडत नाही. सुपारी आजच बंद. मशेरी सोडायला १८०० ११ २३५६, फोन फुकट आहे.

घाईगर्दी: शनिवारी नेतो. मशेरीचा डबा लपवला होता, शेजारच्या काकूंकडून चिमूटभर मागून आणली.